हाताला धरायला काही नाही, तरी पाय टिकतो
(वाळवंटातील कातळउताराची चढाई आणि तिचे शास्त्र)



'स्लॅब' म्हटले की आपल्याला घराचे छत आठवते. स्लॅब भरायची म्हणजे सिमेंट, गिट्टी, मजुरांची रांग आणि शेवटी सर्वांना चहा! गिर्यारोहकांच्या बोलीत मात्र स्लॅब म्हणजे निराळीच वस्तू. उभ्या भिंतीपेक्षा मागे कललेला, सलग, हाताला खोबण नाही आणि पायाला पायरी नाही असा कातळाचा मोठा उतार म्हणजे स्लॅब. लांबून पाहिले तर कोणीही म्हणेल, "यात काय, चालतच जाऊ!" जवळ गेल्यावर मात्र मधोमध पाय थरथरू लागतात आणि वर जावे की खाली यावे हेच कळेनासे होते.

अशा उतारावर माणूस चढतो कसा, त्याचा पाय टिकतो कशामुळे आणि सुटतो कशामुळे, हे या लेखात पाहू. वरच्या वर्गांतील मुलांना यात भौतिकशास्त्राचा एक धडा सापडेल. पालकांना आणि विश्वस्तांना, मुले साहस शिबिराला जाण्याची परवानगी मागतात तेव्हा नेमके काय विचारावे, हे कळेल.

आपल्याकडे स्लॅब का नाही?

टोंकखुर्दची काळी माती ज्या खडकापासून झाली तो बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. माळव्याचे पठार आणि महाराष्ट्रातला सह्याद्री ही एकाच खडकाची भावंडे. या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आडवे थर एकावर एक असल्यामुळे हे डोंगर झिजताना पायऱ्यापायऱ्यांनी झिजतात: एक सपाटी, मग एक उभी भिंत, पुन्हा सपाटी. म्हणूनच मराठी माणसाच्या मनात चढाई म्हणजे उभा कडा. १६७० साली सिंहगडाचा कडा चढून गेलेले तानाजी मालुसरे आणि त्यांच्या घोरपडीची लोककथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या कथेत घोरपड नखे रुतवते. नखे रुतवायला भेग लागते, आणि स्लॅबवर तीच नसते.

स्लॅब तयार होतो मुख्यतः ग्रॅनाइटमध्ये. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, सावकाश थंड होतो. पुढे कोट्यवधी वर्षांत वरचे खडक झिजून जातात आणि त्यांचा भार कमी होतो. दाबलेला ग्रॅनाइट मग किंचित फुलतो आणि पृष्ठभागाला समांतर चिरा पडून त्याचे पापुद्रे सुटतात, जसे कांद्याचे सुटावेत. पापुद्रा निसटला की खाली उरतो तो गोलाकार, सलग उतार.

असा खडक पाहायला माळव्यातून फार दूर जावे लागत नाही. राजस्थानात माउंट अबूला सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षे वयाचा ग्रॅनाइट आहे. अबूचे गुरुशिखर १७२२ मीटर उंच असून ते अरवलीतले सर्वोच्च शिखर होय. अबू स्वतः हिरवेगार, पण त्याच्या पश्चिमेला उतरले की मारवाडचा कोरडा मुलूख सुरू होतो. गुजरात शासनाची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था याच अबूवर आहे आणि तेथे विद्यार्थ्यांना प्रस्तरारोहणाचे, म्हणजे कातळचढाईचे, प्राथमिक शिक्षण मिळते.

वाळवंटात कातळ अधिक दिसतो याचे कारण सोपे आहे. पाऊस कमी, म्हणून झाडे कमी. झाडे नाहीत, म्हणून माती धरून ठेवायला कोणी नाही. खडक उघडा पडतो. जॉर्डन देशातील वादी रम हे वाळवंट यासाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे तळाशी ग्रॅनाइट आणि त्यावर वालुकाश्माचे प्रचंड डोंगर आहेत. १९८४ साली टोनी हॉवर्ड हे ब्रिटिश गिर्यारोहक तेथे चढाईच्या वाटा शोधायला गेले. पाहतात तो तेथील बेदुईन लोक शिकारीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर चढत आलेले! कातळाच्या उतारावर पाय कसा ठेवावा, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते.

पाय टिकतो कशामुळे?

एक प्रयोग करा. चित्रकलेचा लाकडी फळा घ्या, त्यावर खोडरबर ठेवा आणि फळ्याची एक बाजू हळूहळू उचला. एका विशिष्ट कोनाला खोडरबर घसरते. आता त्यावर दुसरे खोडरबर ठेवून वजन दुप्पट करा आणि पुन्हा उचला. घसरण्याचा कोन जवळजवळ तोच येतो. स्लॅबवर जाड माणूस घसरतो आणि बारीक टिकतो असे नाही, ही पहिली शिकवण.

यामागचे गणित असे. समजा, एका विद्यार्थ्याचे वजन ४० किलो आहे. तो ३० अंशांच्या उतारावर उभा राहिला की त्या वजनाचे दोन भाग पडतात. २० किलोइतका भार त्याला उताराच्या दिशेने खाली ओढतो आणि सुमारे ३४.६ किलोइतका भार त्याचे पाय खडकावर दाबतो. उतार ४५ अंशांचा झाला की दोन्ही भार सारखे, सुमारे २८.३ किलो होतात. ६० अंशांवर पारडे उलटते: ओढणारा भार ३४.६ आणि दाबणारा केवळ २० किलो.

ओढणाऱ्या भाराला दाबणाऱ्या भाराने भागा. ३० अंशांवर ०.५८, ४५ अंशांवर १ आणि ६० अंशांवर १.७३ असे उत्तर येते. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी ओळखले असेलच की हा त्या कोनाचा 'टॅन' होय. बुटाचे रबर आणि खडक यांच्यातील घर्षणाचा गुणांक या आकड्यापेक्षा मोठा असेल तर पाय टिकतो, लहान असेल तर घसरतो. चढाईच्या बुटाचे रबर आणि कोरडा, खरखरीत ग्रॅनाइट यांच्यात हा गुणांक १ च्या आसपास, कधी थोडा वर असतो. म्हणजे ४५ अंशांपर्यंत काम ठीक चालते. वजन गणितातून कसे निघून गेले, तेही पाहा: वजन वाढले की ओढणारा आणि दाबणारा हे दोन्ही भार सारख्याच प्रमाणात वाढतात.

मग ५५-६० अंशांचे स्लॅब लोक कसे चढतात? कारण कोणताही स्लॅब आरशासारखा सपाट नसतो. कुठे रुपयाएवढा खळगा, कुठे बोटभर उंचवटा, कुठे स्फटिकांचा खडबडीत पट्टा असतो. संपूर्ण उतार ५५ अंशांचा असला तरी त्या खळग्यातला कोन ३५ अंशांचा असू शकतो. चढणारा जे शोधतो ते हेच. त्याची नजर बहुतेक वेळ पुढच्या हातभर खडकावर असते.

शरीर कसे ठेवावे?

भीती वाटली की माणूस खडकाला बिलगतो. स्लॅबवर नेमके हेच अंगाशी येते. पोट आणि छाती कातळाला टेकली की वजनाचा काही भाग हात, गुडघे आणि कपडे यांच्यावर जातो. या वस्तू रबराइतके घर्षण देत नाहीत. पायांवरचा दाब तेवढा कमी होतो आणि पाय सुटतात. शरीर शक्य तितके ताठ, कंबर पायांच्या वर आणि नजर पुढे असे उभे राहिले, तर सारे वजन तळव्यातून खडकात उतरते. मनाला जी जागा धोक्याची वाटते तीच इथे सुरक्षित असते. हे पटायला वेळ लागतो. म्हणूनच शिकवणारा लागतो.

दुसरी गोष्ट टाचेची. टाच उचलून बोटांवर उभे राहिले की पोटऱ्या थकतात आणि पाय शिवणयंत्रासारखा थडथडू लागतो. टाच खाली सोडली की रबराचा जास्त भाग खडकाला लागतो आणि पोटरीला आराम मिळतो. रबर मऊ असल्यामुळे ते स्फटिकांच्या बारीक खाचांत किंचित बसते. त्यामुळे जास्त भाग टेकण्याचा थोडा फायदा होतो.

तिसरी गोष्ट पावलांची. लांब ढांग टाकली की वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना झटका बसतो आणि झटक्याने घर्षण सुटते. लहान पावले टाकावीत. पाय ठेवावा, हळूहळू वजन द्यावे आणि मगच दुसरा उचलावा. हात फक्त तोल सांभाळण्यापुरते. डोक्यावर घागर घेऊन चढणाऱ्या बाईची चाल आठवा. तीत घाई नसते, हिसका नसतो.

पायात काय घालावे, हाही जिवाचा प्रश्न आहे. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. त्यांचे जोडे त्या परिस्थितीला अपुरे होते. त्या दुःखातून ब्रामानींनी खाचा असलेला रबरी तळवा तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. आज 'व्हिब्रम' नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. स्लॅबसाठी मात्र आता खाचा नसलेले, घट्ट बसणारे, चिकट रबराचे बूट वापरतात. चप्पल, सँडल किंवा झिजलेले शाळेचे बूट घालून कातळावर जाऊ नये.

वाळवंटाचे चार स्वभाव

*ऊन.* उन्हात खडक इतका तापतो की हात टेकवत नाही. घाम येतो, रबर नरम होते आणि पकड कमी होते. म्हणून वाळवंटातील चढाई थंडीच्या दिवसांत, पहाटे किंवा सावलीच्या बाजूने करतात. राजस्थानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. वाटेत पाणी मिळणार नाही असे धरूनच निघावे आणि दिवसाला माणशी तीन-चार लिटर पाणी सोबत घ्यावे.

*थंडी.* सूर्य मावळला की उघडा खडक आणि कोरडी हवा भराभर थंड होतात. दुपारी घाम गाळणारा माणूस रात्री कुडकुडतो. चढाई लांबली तर उपयोगी पडावे म्हणून पिशवीत एक स्वेटर आणि विजेरी हवीच.

*वाळू.* बुटाच्या तळव्याला लागलेले वाळूचे कण छऱ्यांसारखे काम करतात. रबर खडकापर्यंत पोहोचतच नाही. चढण्यापूर्वी प्रत्येक तळवा पोटरीवर घासून पुसण्याची गिर्यारोहकांची सवय याचसाठी आहे.

*पाऊस.* वाळवंटात पाऊस क्वचितच पडतो, पण पडला की वालुकाश्म धोकादायक होतो. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवणारी माती आणि क्षार भिजतात आणि पकडलेला तुकडा हातात येतो. वरून खडक कोरडा दिसला तरी आत ओल राहते. म्हणून पावसानंतर एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक थांबतात. वालुकाश्म आणि ओल यांचे वैर धार जिल्ह्यातही दिसते. बाघच्या बौद्ध लेण्यांतील सुंदर भित्तिचित्रे वालुकाश्मात झिरपणाऱ्या ओलीमुळे खराब झाली. १९८२ मध्ये त्यांतील बरीचशी भिंतीवरून काढून पुढे ग्वाल्हेरच्या संग्रहालयात ठेवावी लागली. काही लेण्यांची छतेही कोसळली आहेत.

ग्रॅनाइट पावसाने कमजोर होत नाही, पण ओला झाला की घर्षण घटते. शेवाळ असेल तर विचारूच नका. नेमावरला नर्मदेच्या घाटावर ज्याचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून सटकला आहे, त्याला हे सांगायला नको.

दोर आणि जोडीदार

घर्षण चुकले तर वाचवतो तो दोर. तो विहिरीचा नाडा किंवा ट्रॉली बांधायचा दोर नव्हे. चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला असतो. पडणाऱ्याला तो एकदम हिसका न देता हळूहळू थांबवतो. न ताणणाऱ्या दोराने माणूस थांबतो, पण त्या धक्क्याने हाडे मोडू शकतात.

चढाईच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत दोर आधीच वरच्या भक्कम आधाराला अडकवलेला असतो. चढणारा घसरला तरी तो जेमतेम हातभर खाली येतो. नवशिक्यांनी याच पद्धतीने शिकावे. दुसऱ्या पद्धतीत पहिला गडी दोर घेऊन पुढे चढतो आणि वाटेत खडकातल्या खिळ्यांना तो अडकवत जातो. शेवटचा खिळा त्याच्या ५ मीटर खाली असताना तो घसरला, तर निदान १० मीटर खाली येतो, शिवाय दोराचा ताण वेगळा. स्लॅबवर खिळे बरेचदा दूरदूर असतात आणि उतार खरखरीत असल्यामुळे घसरणाऱ्याचे अंग खरवडून निघते. म्हणून सोप्या श्रेणीचा स्लॅबदेखील पुढे राहून चढणे हे अनुभवी माणसाचेच काम.

श्रेणीचेही थोडे सांगतो. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील ताक्विट्झ या कातळावर दशांश पद्धत सुरू झाली. तीत दोर लावून करायच्या चढाईला ५.० पासून आकडे देतात. आधी ५.९ ही शेवटची पायरी होती, आज ती ५.१५ पर्यंत गेली आहे. या मोजणीत ५.५ ते ५.७ च्या आसपासची वाट मध्यम समजतात. पण हा आकडा हालचाल किती अवघड एवढेच सांगतो. पडल्यास किती लागेल, हे तो सांगत नाही.

चढणे सोपे, उतरणे अवघड

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्लॅब चढताना पुढची जागा डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, वजन खालच्या पायावर अचानक येते आणि समोर खोल दरी दिसते. त्यामुळे माणूस सहज चढतो आणि तेथेच अडकतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळातील पालघाट जिल्ह्यात मलमपुझाजवळच्या डोंगरावर मित्रांसोबत गेलेला एक तरुण घसरून कातळातल्या एका खोबणीत अडकला. मित्रांना त्याला वर घेता आले नाही. अन्नपाण्याविना तो चाळीसहून अधिक तास तेथे बसून होता. अखेर सैन्याच्या जवानांनी दोरावरून उतरून त्याला सुखरूप वर आणले. तो वाचला याचे एक मोठे कारण असे की, अडकल्यावर त्याने जागा सोडली नाही आणि मदत येईपर्यंत धीर धरला.

यातून मुलांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, जेवढे उतरता येईल तेवढेच चढावे: कमरेएवढ्या उंचीवर एकदा उतरून पाहावे, जमले तरच पुढे. दुसरी, अडकलात तर हालू नका. बसता येत असेल तर बसा आणि हाक मारा. तिसरी, मित्र अडकला तर त्याला आणायला त्याच वाटेने चढू नका. एकाचे दोन होतात. ११२ क्रमांकावर फोन करा, मोठ्या माणसांना बोलवा आणि मित्राशी बोलत राहा. आपल्या भागातल्या जुन्या खदानींच्या उतरत्या कडांनाही हेच लागू आहे. तेथे तर दगड सुटे असतात आणि तळाशी पाणी साचलेले असते. तेथे चढाईचा खेळ मुळीच करू नये.

पालक आणि विश्वस्तांसाठी

मुलांना डोंगरावर पाठवूच नये, हा धोका टाळण्याचा मार्ग दिसतो खरा, पण तो पुरा पडत नाही. ज्याला कधी शिकवलेच नाही तो मुलगा एक दिवस कोणाला न सांगता कुठेतरी चढतोच. त्यापेक्षा जाणत्या संस्थेत, वरून लावलेल्या दोरावर त्याने पहिले घसरणे अनुभवावे हे बरे. परवानगी देण्यापूर्वी मात्र काही प्रश्न अवश्य विचारावेत: शिकवणारे कोठे प्रशिक्षित आहेत? एका प्रशिक्षकामागे किती मुले? प्रत्येकाला हेल्मेट मिळणार का? दोर आणि पट्टे आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे आहेत का आणि ते किती जुने आहेत? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि वाहन हाताशी असेल का? विमा आहे का? महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण काढून अशा उपक्रमांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घालून दिले. आपले राज्य वेगळे असले तरी त्यामागची काळजी आपल्यालाही घेता येते. जी संस्था या प्रश्नांना कंटाळते तिच्याकडे मुले पाठवू नयेत. जी स्वतःहून उत्तरे देते तिच्याकडे निश्चिंतपणे पाठवावीत.

आणि विद्यार्थ्यांनो, अबूला जाण्याचा योग येईल तेव्हा येईल. तोवर फळा आणि खोडरबर घेऊन घरीच पाहा: कोरड्या फळ्यावर किती अंशांना घसरते, ओल्यावर किती, आणि वर चिमूटभर वाळू टाकली तर किती? प्रत्येक प्रयोग पाच वेळा करा, सरासरी काढा आणि कोनमापकाने मोजलेले आकडे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा. तिन्ही आकडे शेजारीशेजारी मांडले की, कातळावर पाऊल टाकण्यापूर्वी गिर्यारोहक तळवा का पुसतो, हे कोणी सांगावे लागणार नाही.